‘सर्का’ म्हणजे नेमके काय?

कोल्हापूर : येथील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी ब्राँझमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. अशा वस्तूंचा काळ देताना इंग्रजी ग्रंथांत सालाआधी ‘सी’ हे अक्षर व टिंब, किंवा ‘सीए’ छापलेले असते. ‘सर्का’ या लॅटिन शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. अर्थ ‘सुमारे’, ‘च्या आसपास’.

लॅटिनमध्ये ‘सर्कस’ म्हणजे वर्तुळ, कडे. त्यापासून ‘सर्कम’, म्हणजे सभोवार, आणि त्याच्याच जोडीचा ‘सर्का’. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये उभारलेल्या सर्कशीचे नावही याच कुळातले! आपला ‘सुमार’ मात्र फारसी ‘शुमार’वरून आला, तेथे त्याचा अर्थ मोजणी. मोजणीचा शब्द अंदाजासाठी रुळावा, ही गंमतच.

‘सर्का’ म्हणजे मोघमपणा नव्हे. ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन नाणी मिळाली. नाण्यावरील राजाच्या नावावरून थराचा काळ ठरतो, त्यावरून शेजारच्या वस्तूंचा. त्या काळाला पुरावा असतो. नेमके वर्ष तेवढे नसते.

हा शब्द गाळला की घोटाळा होतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा दानलेख आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन १२१४ येतो. (पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुधा ७९ मिळवावे लागतात.) पण हे दानाचे वर्ष, बांधकामाचे नव्हे. मंदिराचे बरेचसे काम त्याआधीचे, शिलाहारांच्या काळातील, साधारण बाराव्या शतकातील मानले जाते. म्हणजे एकाच वास्तूत लेखाला नेमका शक आणि भिंतींना ‘सुमारे’. फलकावर केवळ ‘१२१४’ लिहिल्यास शिलाहारांचे श्रेय यादवांच्या खाती जमा होते.

जन्माचे वर्ष अंदाजी व मृत्यूचे निश्चित असेल, तर ‘सर्का’ पहिल्याच सालाआधी येतो. दोन नेमक्या तिथींचा वाद असेल, तर तो उपयोगाचा नाही. शिवजन्माबाबत शके १५४९ चा वैशाख की शके १५५१ चा फाल्गुन, असा वाद होता. राज्य शासनाने २००१ मध्ये दुसरी तिथी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ग्राह्य धरली. तेथे ‘सुमारे १६२९’ असा मधला मार्ग काढता आला नसता.