‘एम-वन’ हवेच, पण कशासाठी?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ‘एम-वन’ या गणिताच्या पेपरबद्दल आपल्याकडे जवळजवळ एकमत आहे. मुलांच्या लेखी तो केटी लावणारा, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यावा लागणारा पेपर. सीनियर सांगतात, पास होण्यापुरते कर आणि विसरून जा, पुढे नोकरीत कोणी विचारत नाही. पालक म्हणतात, मॅट्रिक्स बारावीला झालेच होते, मग पुन्हा तेच कशाला? आणि सॉफ्टवेअरमध्ये रुळलेली मंडळी ठासून सांगतात की, कॉम्प्युटर क्षणात करतो ते मुलांकडून हाताने करवून घेणे हा निव्वळ छळ आहे. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या २०२१-२२ च्या हँडबुकाने या मताला बळच दिले. बारावीला १४ विषयांच्या यादीतले कोणतेही तीन घेतलेल्या विद्यार्थ्यालाही इंजिनिअरिंगला प्रवेश देण्याची मुभा त्यात होती, आणि गणित त्या चौदांपैकी केवळ एक होते. उणीव भरून काढायला ब्रिज कोर्स सुचवला होता. गदारोळ झाला, खुलासे झाले. पण गणित ऐच्छिक असू शकते, हा विचार एकदा कागदावर आला तो आलाच.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून बीजगणिताच्या सक्तीवरच प्रश्नचिन्ह लावले आणि २०१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बीजगणित असंख्य मुलांची वाट अडवते, आणि तांत्रिक व्यवसायांतली माणसेसुद्धा रोजच्या कामात फारसे प्रगत गणित वापरत नाहीत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. आपल्याकडे त्याला सामाजिक धारही आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी गणितातच अडकते. शहरातल्या क्लासवाल्यांची मुले सुटतात. मग हा विषय म्हणजे गुणवत्तेच्या नावाखाली लावलेली चाळणीच नाही का?

या आक्षेपांचा एकेक करून विचार करू. सगळ्यात वजनदार आक्षेप कॉम्प्युटरचा, म्हणून तो आधी.

ही दोन समीकरणे पाहा : क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१. पहिले दुसऱ्यातून वजा केले की ०.००१य = ०.००१, म्हणून य = १ आणि क्ष = १. आता समजा, २.००१ हा आकडा मोजमापातून आला आहे आणि मीटर किंचित चुकल्यामुळे तो २.००२ नोंदला गेला. फरक दोन हजारांत एकाचा. उत्तर मात्र य = २, क्ष = ० असे येते. म्हणजे एक राशी दुप्पट झाली आणि दुसरी नाहीशीच झाली. कॉम्प्युटरने दोन्ही वेळा गणित बिनचूक केले. पण हाती आलेल्या उत्तरावर पूल बांधायचा की नाही, हे त्याने आपणहून सांगितले नाही.

यावर हुशार विद्यार्थी म्हणेल, सहगुणकांचा डिटर्मिनंट (तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) ०.००१ आहे, शून्याच्या जवळ, म्हणून असे झाले. मग दोन्ही समीकरणांना हजाराने गुणा. डिटर्मिनंट थेट १००० होतो आणि समीकरणांचे दुखणे जिथल्या तिथे राहते. गोम डिटर्मिनंटच्या आकारात नाही. दोन रेषा जवळजवळ समांतर आहेत, म्हणून एक केसभर सरकली तरी छेदनबिंदू दूर पळतो. हा दोष ओळखणे आणि मोजणे हा बीजगणिताचा प्रांत आहे, आणि त्याची ओळख पहिल्या वर्षाला झाली नाही तर पुढे बहुधा होतच नाही.

दुसरा नमुना त्याहून साधा. तीन ओळींत अनुक्रमे १, २, ३; ४, ५, ६ आणि ७, ८, ९ लिहा. मधली ओळ ही वरच्या आणि खालच्या ओळीची सरासरी आहे, म्हणून डिटर्मिनंट शून्य. कागद-पेन्सिलचीही गरज नाही. हीच मॅट्रिक्स नेहमीच्या सॉफ्टवेअरला दिली तर ते अनेकदा शून्याऐवजी दशांशचिन्हानंतर पंधरा शून्ये घेऊन मग सुरू होणारी एखादी संख्या दाखवते. ती ‘शून्य नाही’ म्हणून काही प्रणाली या मॅट्रिक्सची इन्व्हर्सही काढून देतात, जी मुळात अस्तित्वातच नाही! काही प्रणाली इशारा देतात हे खरे. पण इशाऱ्याचा अर्थ ज्याला कळतो त्याच्यासाठीच तो इशारा. बाकीच्यांसाठी ती लाल अक्षरांतली एक ओळ.

बारावीच्या पुनरावृत्तीचा आक्षेप इथेच गळून पडतो. बारावीत डिटर्मिनंट शून्य आला की ‘इन्व्हर्स अस्तित्वात नाही’ असे लिहून उदाहरण संपते. कॉलेजचे बीजगणित तिथून सुरू होते. उत्तर मुळीच नाही की अनंत उत्तरे आहेत? अनंत असतील तर किती दिशांनी मोकळीक आहे? समीकरणांपैकी खरी किती आणि नुसती भरताड किती? रँक म्हणतात ती याच शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला.

आता तिसरा आक्षेप : नोकरीत याचे काम पडत नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलाला विचारा, सर्किट सोडवताना एक नोड ‘ग्राउंड’ का धरतोस? ‘सरांनी सांगितले’ हे उत्तर बहुधा मिळेल. कारण रँकमध्ये आहे. चार नोड असतील तर किर्कॉफच्या करंटच्या नियमाने चार समीकरणे लिहिता येतात. पण प्रत्येक शाखेतला करंट एका नोडमधून निघून दुसऱ्यात शिरतो, म्हणून चारही समीकरणांची बेरीज शून्य होते. रँक तीन, म्हणजे चौथे समीकरण नवे काहीच सांगत नाही. ग्राउंड न देता सिम्युलेशन चालवले की ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ अशी तक्रार येते ती यामुळेच. सिव्हिलमध्येही तीच कथा. बीमला सपोर्ट द्यायचे राहून गेले तर स्टिफनेस मॅट्रिक्सला इन्व्हर्स नसते. कारण उघड आहे : न टेकवलेला बीम प्रतलात दोन दिशांना सरकू शकतो आणि गोल फिरू शकतो, आणि या तीन हालचालींत त्याला जराही ताण पडत नाही. मॅट्रिक्सच्या भाषेत हीच तीन दिशांची मोकळीक. ज्याला हे ठाऊक आहे तो मॉडेलमध्ये सुटलेला सपोर्ट शोधतो. ज्याला ठाऊक नाही तो चूक सॉफ्टवेअरच्या माथी मारतो, किंवा एरर जाईपर्यंत कुठेतरी काहीतरी आकडे टाकत बसतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यानंतर उत्तर येते.

हॅकर यांच्या निरीक्षणातली गफलतही यातच आहे. इंजिनिअरच्या टेबलावर सोडवलेली समीकरणे दिसत नाहीत, म्हणून तो बीजगणित वापरत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. कुठले उत्तर स्वीकारायचे आणि कुठले परत पाठवायचे, हा निवाडा कागदावर उमटत नाही. सगळ्यांनाच तो करावा लागतो असे नाही. इंजिनिअर होऊन बँकेत जाणारे आहेत, एमपीएससी करणारे आहेत. पण आरसीसी ड्रॉइंगवर सही करण्याचा अधिकार ज्या पदवीतून मिळतो, तिचा अभ्यासक्रम सही न करणाऱ्यांच्या सोयीने ठरवता येणार नाही.

बीजगणित म्हणजे आकडेमोड, हा समज मुळात आपल्या परंपरेतही नव्हता. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांचे एक कोडे आहे. कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करून वर्ग करा. तितकी वानरे गुहेत शिरली, एक झाडावर दिसते, तर एकूण किती? समीकरणाला दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. दोन्ही आकड्यांत बसतात. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन वानरे, आणि अशी ऋण संख्या लोक मानत नाहीत म्हणून भास्कराचार्य ते उत्तर बाजूला ठेवतात. समीकरण दोन्ही उत्तरे देते; निवड गणितज्ञ करतो.

चाळणीच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते कबूल केलेच पाहिजे. पण दोष विषयाचा नाही, पेपरचा आहे. ‘केली-हॅमिल्टन प्रमेय पडताळा आणि त्यावरून इन्व्हर्स काढा’ हे उदाहरण पिढ्यान् पिढ्या येते. तीन बाय तीनची मॅट्रिक्स, दोन पाने गुणाकार, एका चिन्हाची चूक आणि मार्क गेले. गंमत म्हणजे केलीने स्वतः १८५८ मध्ये हे प्रमेय मांडताना छोट्या मॅट्रिक्ससाठी पडताळून पाहिले आणि सर्वसाधारण सिद्धतेचे कष्ट घेण्याची गरज वाटली नाही, असे सांगून तो पुढे गेला. आपण मात्र ती पडताळणी तेवढी जपून ठेवली, आणि प्रमेय कशासाठी हे विचारायचे सोडून दिले. असा पेपर ‘ठरलेल्या टाइपची’ उदाहरणे घोटून घेणाऱ्या क्लासलाच फायद्याचा. क्लास न परवडणारा मुलगा त्यात मागे पडतो, हे खरेच.

पण म्हणून विषयच काढून टाकला तर त्या मुलाचे भले होईल का? ज्याच्या घरात इंजिनिअर आहे त्याला हे शहाणपण पुढे कुठेतरी मिळेल. ज्याच्या घरात पहिलीच पदवी येते आहे, त्याला ते कॉलेजच्या वर्गातच मिळायला हवे, दुसरी जागा नाही. डिप्लोमावाल्या मुलीला एम-वन माफ करून थेट पुढच्या गणितात ढकलणे ही सवलत वाटते, पण तिच्या पायाखालची पायरी त्यात काढून घेतलेली असते. तिला हवा आहे तो चार दिवसांत उरकलेला ब्रिज कोर्स नव्हे, तर मार्क आणि तास असलेला खरा कोर्स.

आकडेमोड कॉम्प्युटरला द्या, परीक्षा हॉलमध्येही द्या, हरकत नाही. त्याऐवजी विचारा : ही चार समीकरणे, यातले फालतू कोणते आणि का? या मॉडेलला उत्तर येत नाही, काय राहिले आहे? या उत्तरातल्या किती अंकांवर भरवसा ठेवाल? असा पेपर घोटून सुटणार नाही आणि नुसत्या आकडेमोडीच्या चुकीने कोणाला केटीही लागणार नाही. तो काढायला आणि तपासायला मास्तरांना जास्त कष्ट पडतील. जुना पेपर टिकून राहण्याचे एक कारण तेही आहे. आणि एम-वन नकोच म्हणणाऱ्यांनी निदान एवढे सांगावे की, स्क्रीनवर आलेले उत्तर चुकीचे आहे असे म्हणू शकणारा इंजिनिअर मग कुठल्या तासाला घडणार?