अपडेट करताना लाईट गेली, वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट बंद पडला? फेकण्याआधी हे करून बघा

फर्मवेअर अपडेट चालू असतानाच लाईट जाते. परत येते तेव्हा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. नेटवर्क दिसत नाही, सेटिंगचं पान उघडत नाही. अशा डिव्हाइसला 'ब्रिक' झालं, म्हणजे त्याची वीट झाली, असं म्हणतात. पण ही वीट अनेकदा एका लॅन केबलने पुन्हा चालू करता येते.

रिसेट करून का भागत नाही?

रिसेटमुळे तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड अशा सेटिंग पुसल्या जातात. बिघडलेलं फर्मवेअर मात्र तसंच राहतं.

मग दुरुस्ती कशी होते?

डिव्हाइसच्या मेमरीत 'बूटलोडर' नावाचा छोटा प्रोग्राम वेगळ्या जागेत असतो. साधारणपणे अपडेट त्याला हात लावत नाही. फर्मवेअर बिघडलं तरी हा बूटलोडर केबलवरून नवी फाइल घेऊ शकतो. त्यासाठी टीएफटीपी, म्हणजे ट्रिव्हियल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल वापरतात. १९८१ पासूनची ही पद्धत फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत पाठवते आणि प्रत्येक तुकड्याची पोच घेते. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. इतकी साधी असल्यामुळेच ती बूटलोडरमध्ये मावते.

युबिक्विटीच्या युनिफाय अ‍ॅक्सेस पॉइंटचं उदाहरण

१. कंपनीच्या वेबसाइटवरून नेमक्या तुमच्या मॉडेलची फर्मवेअर फाइल घ्या.
२. पीओई इंजेक्टरचा लॅन पोर्ट केबलने लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा.
३. लॅपटॉपला १९२.१६८.१.२५ हा आयपी अ‍ॅड्रेस आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्या.
४. अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर बंद करा. रिसेट बटण दाबून ठेवूनच ती चालू करा. दिवे आलटून पालटून लुकलुकू लागले की बटण सोडा.
५. टीएफटीपी प्रोग्राममधून १९२.१६८.१.२० या पत्त्यावर फाइल पाठवा. मोड 'बायनरी' हवा.
६. आठ-दहा मिनिटं थांबा. डिव्हाइस आपोआप रीस्टार्ट होतं.

विंडोजमध्ये टीएफटीपी क्लायंट आधीपासून असतो, पण बंद असतो. तो 'विंडोज फीचर्स'मधून चालू करावा लागतो. फाइल जात नसेल तर फायरवॉल थोडा वेळ बंद करून बघा.

सगळ्या कंपन्यांची पद्धत हीच का?

नाही. टीपी-लिंकच्या अनेक राउटरमध्ये उलटं असतं. तिथे लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालू ठेवायचा, लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा आणि राउटर स्वतः फाइल ओढून घेतो. फाइलचं नावही ठरलेलं असतं, एक अक्षर चुकलं तरी काम होत नाही. म्हणून आधी आपल्या मॉडेलची माहिती वाचा.

काय सांभाळायचं?

डिव्हाइसच्या मागच्या स्टिकरवर मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जनही असतं, दोन्ही जुळवा. फाइल कुठल्याही टेलिग्राम ग्रुपवरून घेऊ नका. फाइल लिहिली जात असताना पॉवर काढू नका. बूटलोडरच बिघडला तर घरच्या घरी दुरुस्ती जवळपास अशक्य होते. शक्य असेल तर यूपीएसवर काम करा. डिव्हाइस वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

एकही दिवा लागत नसेल तर दोष अ‍ॅडॉप्टरचा असू शकतो, तो बदलून बघा. आणि डिव्हाइस चालू झाल्यावर पहिलं काम म्हणजे नवा पासवर्ड टाकणं, कारण जुन्या सेटिंग पुसल्या गेलेल्या असतात.