गोष्टीची घडण आणि मराठी प्राथमिक शाळा

गोष्ट ऐकून रमणे, ती वाचता येणे आणि ती कशी उभी राहिली हे ओळखणे या तीन वेगवेगळ्या क्षमता आहेत. त्यांपैकी पहिली मूल घरातूनच घेऊन येते, दुसरी देण्यासाठी शाळेची सारी यंत्रणा राबते, आणि तिसरी मात्र दीर्घकाळ कोणाचीच जबाबदारी नव्हती. येथे ‘घडण’ हा शब्द गोष्टीतील भागांच्या परस्परसंबंधासाठी वापरला आहे: कोण, कोठे आणि कधी हे सांगणारा आरंभ, त्या स्थितीत पडलेली अडचण, ती दूर करण्यासाठी केलेला प्रयत्न, त्या प्रयत्नाचे फळ, आणि हे सारे एकामागून एक नव्हे तर एकामुळे एक घडते हे भान. मराठी प्राथमिक शिक्षणाच्या गेल्या दोन शतकांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर शाळेने गोष्टीला प्रवेश दिला तो तिच्या तात्पर्यासाठी, आणि तिच्या घडणीकडे लक्ष वळायला पुष्कळ काळ जावा लागला, असे दिसते.

घडणीचे ज्ञान या भूमीला नवे नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकातील कार्याच्या प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम अशा पाच अवस्था सांगितल्या आहेत. म्हणजे कार्याला सुरुवात होते, त्यासाठी धडपड केली जाते, फळ मिळेल अशी आशा उत्पन्न होते, ते मिळण्याची निश्चिती होते आणि अखेर ते हाती येते. मराठीत तेराव्या शतकात केशिराज व्यासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत संकलित करून जो ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला, त्यातील रचना तर त्रिपदरीच आहे: प्रथम स्वामींचे वचन असलेले सूत्र, मग लौकिक जीवनातील छोटी कथा म्हणजे दृष्टांत, आणि शेवटी त्या कथेचा सिद्धांताशी मेळ घालणारे दार्ष्टान्तिक. येथे अर्थ कथेच्या शेवटी चिकटवलेला नाही; हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या दृष्टांतात कोणाच्या हाती हत्तीचा कोणता अवयव आला हे नीट ध्यानात ठेवल्यावाचून दार्ष्टान्तिक उलगडतच नाही. श्रोत्याने कथेचे भाग वेगळे करून पुन्हा जुळवावेत, ही अपेक्षा त्या रचनेतच आहे.

हे शास्त्र लहान मुलांपर्यंत पोहोचले ते ग्रंथांतून नव्हे, तर घरातल्या वाणीतून. श्रावणात सांगितल्या जाणाऱ्या व्रतांच्या कहाण्या ‘आटपाट नगरा’त सुरू होतात, कोणाच्या तरी दारिद्र्याने किंवा दुःखाने पुढे सरकतात, वसा घेतल्यावर दैव पालटते, उतल्यामातल्यावर म्हणजे वसा टाकल्यावर ते पुन्हा फिरते, आणि चूक सुधारल्यावर कहाणी ‘सुफळ संपूर्ण’ होते. आरंभाचे आणि समाप्तीचे ठरलेले शब्द मुलाला कथेची चौकट दाखवीत, आणि मधला चढउतार वारागणिक नव्या देवतेच्या निमित्ताने ऐकल्यामुळे तो अंगवळणी पडे. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत शेणाचे घर पावसात वाहून जाते, मेणाचे टिकते, आणि दार ठोठावणाऱ्या कावळ्याला चिमणी बाळाची एकेक निमित्ते सांगून थांबवून ठेवते; या वाढत जाणाऱ्या पुनरावृत्तीमुळे तीन-चार वर्षांचे मूलही पुढचे उत्तर आधीच देते. त्या गोष्टीचा शेवट घरोघरी निराळा असतो, आणि त्यावरून गोष्टीत काय बदलता येते व काय बदलून चालत नाही, याचा पहिला धडाही नकळत मिळतो. देवळातील नारदीय कीर्तनाने पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी विभागणी ऐकणाऱ्यांच्या सवयीची केली होती.

पंतोजींच्या शाळेत मात्र या सगळ्याला स्थान नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, बाराखड्या, मोडी वळण, उजळणी आणि संध्याकाळचा परवचा हा तेथील क्रम हिशेब आणि पत्रव्यवहार करू शकणारा माणूस घडवण्यासाठी आखलेला होता. गोष्ट ही आजीची, पुराणिकाची आणि हरिदासाची बाब होती. विद्या आणि कथा यांची ही फारकत पुढच्या काळासाठी महत्त्वाची ठरली, कारण छापील पुस्तकाबरोबर गोष्ट जेव्हा शाळेत आली, तेव्हा तिला आपल्या येण्याचे कारण सांगावे लागले, आणि ते कारण नीती हे होते.

तंजावरच्या सरफोजीराजांनी सख्खन पंडितांकडून इसापच्या कथांचे भाषांतर करवून घेऊन १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापवली. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ आणि १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ ही मराठी पुस्तके निघाली. मुंबईत १८२२ मध्ये देशी भाषांतील शालेय पुस्तके व शाळा यांसाठी संस्था स्थापन झाली, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ आणि बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या लेखनावर आधारलेले ‘बाळमित्र’ सिद्ध केले. पाठ्यपुस्तकाला इसापची कथा सोयीची होती: ती आखूड, तिच्यात पात्रे दोन-तीन आणि घटना एक, आणि तिचे सार एका वाक्यात सांगता येई. ते सार ‘तात्पर्य’ या नावाने गोष्टीच्या खाली येऊ लागले, आणि गोष्ट समजली की नाही याची कसोटी म्हणजे तात्पर्य सांगता येणे, अशी समजूत रुजली.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाल्यानंतर इयत्तावार क्रमिक पुस्तके आली, आणि त्यांच्या जोडीने वाढलेल्या लेखनाभ्यासात ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रकार रूढ झाला. तहानलेला कावळा, तळाशी पाणी असलेला घडा, खडे, वर आलेले पाणी असे शब्द आडव्या रेघांनी तोडून दिले जात, आणि विद्यार्थ्याने त्यांतून पूर्ण गोष्ट, तिचे शीर्षक आणि तात्पर्य लिहायचे असे. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना गोष्टीच्या सांगाड्याची पहिली स्पष्ट ओळख या प्रश्नाने करून दिली, हे त्याचे मोल मोठे आहे. परंतु सांगाडा तयार मिळत असल्यामुळे तो शोधण्याचे काम मुलाकडे उरत नसे, आणि मुद्द्यांमधील आडवी रेघ ‘नंतर’ एवढेच सांगे, ‘म्हणून’ सांगत नसे. घडा काठोकाठ भरलेला असता तर गोष्ट घडली असती का, हा घडणीचा मूळ प्रश्न त्या रेघेत झाकलेला राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृष्टी बदलू लागली. भावनगर येथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा कथाकथनाचा स्वतंत्र ग्रंथ गुजरातीत लिहिला, आणि गोष्ट आनंदासाठी सांगावी, उपदेशासाठी राबवू नये असा आग्रह धरला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यामुळे हा विचार मराठीत आला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांबरोबर केलेल्या कामात गोष्ट आणि गाणे हे बालशिक्षणाचे कणे झाले. त्याच सुमारास प्र. के. अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने प्राथमिक पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांच्या जवळ आणली. तात्पर्याची सक्ती सैल झाली की मुलाचे लक्ष पुढे काय होईल याकडे वळते, आणि पुढचे ओळखू पाहणे हीच घडण समजण्याची पहिली पायरी असते.

हे निरीक्षण १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी तपासले. १९३२ मध्येच इंग्लंडमधील फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवले होते की, अपरिचित संस्कृतीतील कथा पुन्हा सांगताना माणसे ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतात. १९७५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड रूमेलहार्ट यांनी ‘कथेचे व्याकरण’ ही कल्पना मांडली, म्हणजे वाक्याला जशी पदांची व्यवस्था असते तशी कथेलाही भागांची व्यवस्था असते, असे प्रतिपादले. १९७७ मध्ये जीन मँडलर व नॅन्सी जॉन्सन यांनी आणि १९७९ मध्ये नॅन्सी स्टाइन व क्रिस्टीन ग्लेन यांनी ती लहान मुलांच्या स्मरणाला लावून पाहिली. सहा-सात वर्षांची मुले सुघटित कथेतील घटनांचा क्रम चांगला राखतात, असे या अभ्यासांत आढळले. आणि १९७८ मध्ये मँडलर यांनी दोन कथांचे भाग एकमेकांत मिसळून ऐकवले, तेव्हा मुलांनी त्या कथा पुष्कळ अंशी नेहमीच्या क्रमात लावून सांगितल्या. मूल शाळेत येते तेव्हा हा साचा त्याच्याजवळ आधीच असतो, हा या संशोधनाचा अर्थ आहे.

२७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांमुळे आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकामुळे महाराष्ट्रातील मुलांना गोष्टींचा मोठा साठा मिळाला, आणि चित्रे क्रमाने लावणे, अपुरी गोष्ट पूर्ण करणे, शेवट बदलून सांगणे असे स्वाध्यायही वर्गात आले. वाचनाची पातळी मोजणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत अक्षर, शब्द आणि परिच्छेद यांच्यानंतरची सर्वांत वरची पायरी ‘गोष्ट’ हीच आहे. मात्र तेथे दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलित वाचता येतो का एवढेच पाहिले जाते, आणि ती पायरी चढलेल्या मुलाला गोष्ट उमगली असेलच असे म्हणता येत नाही.

या इतिहासातून शिक्षकाने घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. घडण शिकवणे म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलांना नवे पारिभाषिक शब्द पाठ करायला लावणे नव्हे, तर त्यांच्या कानात आधीच असलेल्या रचनेला नाव देणे होय. चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगताना पावसापाशी थांबून ‘पाऊस आलाच नसता तर?’ असे विचारले, आणि ‘मग कावळा कशाला आला असता चिमणीकडे?’ असे उत्तर वर्गातून आले, तर त्या मुलाने अडचण आणि प्रयत्न यांचा संबंध स्वतः शोधला आहे. दृष्टांतपाठाने श्रोत्याकडून जी जुळवाजुळव अपेक्षिली होती, तीच येथे सहा वर्षांचे मूल करते, आणि तेवढे झाल्यावर तात्पर्य त्याला वेगळे सांगावे लागत नाही.