आवाज मोठा आणि आवाज खरा
(घरी बांधलेल्या ध्वनिवर्धकाची कथा)

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर रे रोड नावाचे एक स्थानक आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावावरून रस्त्याला नाव पडले आणि रस्त्यावरून स्थानकाला. १९१० साली कुर्ल्याहून येणारी गाडी इथपर्यंतच येत असे. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली, ती याच रे रोडवरून.

ध्वनिवर्धकाच्या गोष्टीत आगगाडी कुठून आली, असे आपल्याला वाटेल. पण त्या गाडीच्या मोटरमनकडे जरा पाहा. त्याच्या हातात एक लहानसा दांडा असतो. तो फिरवायला मुलाचेही बळ पुरे. तरी शेकडो माणसांनी भरलेली गाडी हलते. ती काही मोटरमनच्या मनगटाच्या जोराने हलत नाही. जोर असतो डोक्यावरच्या तारेतील विजेचा; १९२५ साली ती १५०० व्होल्टची होती. मोटरमन फक्त त्या विजेला सांगतो, इतकी ये, आता कमी हो.

ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला आपण सगळे अँप्लिफायर म्हणतो, तोही हेच करतो. मायक्रोफोनपुढे बोलले की त्यातून निघणारी वीज अगदी क्षीण असते, व्होल्टच्या काही हजारांशांइतकी. तिने कर्ण्याचा पडदा हलणार नाही. मग ही क्षीण वीज मोटरमनचे काम करते आणि दुसरीकडून, बॅटरीतून किंवा भिंतीतल्या बटणातून, येणाऱ्या मोठ्या विजेला आपल्या तालावर नाचवते. आवाज वाढतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्या आवाजाबरहुकूम एक नवा, मोठा आवाज घडवला जातो. आणि नक्कल म्हटली की ती अस्सलाबरहुकूम आहे का, हा प्रश्न आलाच. ध्वनिवर्धकाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

हा मोटरमन प्रथम सापडला तो १९०६ साली. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी काचेच्या निर्वात नळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये एक तिसरा अवयव बसवला. पुढे तो बारीक तारेच्या जाळीच्या रूपात रूढ झाला. जाळीवरची थोडीशी वीज पट्टीकडे जाणाऱ्या पुष्कळ विजेला आवरू लागली. यालाच पुढे व्हॉल्व्ह हे नाव रूढ झाले. परंतु हा मोटरमन थोडा लहरी होता. आज्ञा दुप्पट केली तर गाडी दुप्पट वेगाने जाईलच असे नव्हे. आवाज मोठा व्हायचा, पण घोगरा, चिरका, फाटका व्हायचा. व्हॉल्व्ह जुना झाला की पुन्हा सगळे बदलायचे.

आता १९२७ सालच्या दोन तारखा ध्यानात ठेवा. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्टला, तिकडे न्यूयॉर्कजवळ हॅरल्ड ब्लॅक नावाचे एक तरुण इंजिनिअर नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर चालले होते. टेलिफोनच्या लांब तारांवर एकामागून एक ध्वनिवर्धक लावावे लागत आणि प्रत्येक जण आवाजात थोडा थोडा बिघाड घाली, याने ते बेजार झालेले होते. त्या नावेत त्यांना एक युक्ती सुचली. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती मांडून ठेवली.

युक्ती ऐकायला उफराटी आहे. बाहेर पडणाऱ्या मोठ्या आवाजाचा लहानसा हिस्सा मागे आणायचा आणि आत येणाऱ्या आवाजातून तो वजा करायचा. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. कष्टाने मिळवलेला मोठेपणा आपण होऊन टाकून द्यायचा, असा हा प्रकार. पण मिळते काय ते पाहा. शाळेतल्या मुलांनीही करावे असे हे गणित आहे.

समजा, एक ध्वनिवर्धक आवाज हजारपट करतो. बाहेरच्या आवाजाचा हजारातील नऊ भाग इतका अंश आपण परत आणून वजा केला. मग एकंदर वाढ उरते १००० भागिले १० (१ अधिक ९), म्हणजे शंभरपट. आता व्हॉल्व्ह जुना झाला आणि हजारपटीची वाढ आठशेवर आली, म्हणजे शेकडा वीस घट झाली. फीडबॅक असताना वाढ होते ८०० भागिले ८.२, म्हणजे सुमारे ९७.६. शेकडा वीसची घट शेकडा अडीचच्या आत आली! व्हॉल्व्हने आवाजात घातलेला बिघाडही जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतो. मोठेपणा दसपट सोडला आणि खरेपणा दसपट मिळवला.

हा खरेपणा केवळ गाण्याच्या शौकिनांसाठी आहे असे समजू नका. १९४२चे साल आठवा. पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. अशा वेळी मुंबईत काही तरुणांनी जुळवाजुळव करून एक ध्वनिक्षेपण यंत्र उभे केले. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे त्यांचे साथीदार. काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांचेही साहाय्य होते. यंत्र आज या इमारतीत तर उद्या त्या इमारतीत, असा लपंडाव चाले. आपल्या विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे काय घडले, हे याच रेडिओने लोकांना सांगितले. १२ नोव्हेंबरला गिरगावच्या पारेख वाडीत पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

अशा यंत्रात ध्वनिवर्धकाचे काम मोठे असते. रेडिओच्या लहरीवर माणसाचा आवाज चढवायचा असतो. नेहमीच्या पद्धतीत शंभर वॉटच्या लहरीवर आवाज पुरा चढवायचा तर ध्वनिवर्धकाने पन्नास वॉट पुरवावे लागतात. ते पुरले नाहीत तर आवाज दुबळा पडतो. ओढाताण करून काढले तर शब्द फाटतात. लघुलहरींच्या खरखरीत आधीच निम्मे हरवते. त्यात गावाचे नावच कळले नाही तर बातमीचा उपयोग काय?

युद्ध संपले आणि घरी ध्वनिवर्धक बांधणाऱ्यांना एक उत्तम नमुना मिळाला. १९४७च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यम्सन यांनी पंधरा वॉटच्या ध्वनिवर्धकाची जुळणी प्रसिद्ध केली. ब्लॅक यांची युक्ती त्यांनी पुरेपूर वापरली होती. बिघाड हजारात एक भागाहूनही कमी. जगभर हौशी लोकांनी तो ध्वनिवर्धक घरी बांधला. १९४९ साली विल्यम्सन यांनी स्वतःच त्याची सुधारलेली आवृत्ती दिली. चांगल्या कारागिराचे हे लक्षण आहे. नावाजलेल्या वस्तूलाही तो पुन्हा हात घालतो.

त्यांनी सर्वांत कडक अट घातली होती ती लोखंडाबाबत. व्हॉल्व्हमधून निघणारी वीज उच्च दाबाची, पण थोड्या प्रवाहाची असते. कर्ण्याला हवी असते कमी दाबाची आणि भरपूर प्रवाहाची. दोघांची गाठ घालून देतो ट्रान्सफॉर्मर: पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. रे रोडच्या पूर्वेला दारूखाना आहे. तिथे वर्षानुवर्षे जुनी जहाजे फोडली गेली आणि साखळदंडांचे, पत्र्यांचे ढीग पडले. लोखंडाला तिथे वजनावर भाव. ट्रान्सफॉर्मरला मात्र जहाजाचे जाड लोखंड चालत नाही. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे, एकमेकांपासून वेगळे राखलेले पातळ पत्रेच लागतात. आणि तार नुसती गुंडाळून भागत नाही. आतले आणि बाहेरचे वेढे थराथरांनी एकमेकांत मिसळावे लागतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? झोपाळ्याचा दाखला घ्या. झोपाळा आवरायला आपण उलटा हात लावतो. हात वेळेवर लागला तर झोपाळा थांबतो. अर्धा हेलकावा उशीर झाला तर तोच हात झोका देतो! ट्रान्सफॉर्मरमधून येताना आवाजाच्या फार वरच्या आणि फार खालच्या कंपनांची वेळ चुकते. मग आवरायला आणलेला फीडबॅक उलट चिथावणी देतो, आणि कोणी बोलत नसतानाही यंत्र आपणच किंचाळू लागते.

पुढे लोखंडाचे हे ओझे उतरले. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. १९५६ साली एच. सी. लिन यांनी अशी जुळणी दाखवली की, तिच्यात कर्ण्यापाशी ट्रान्सफॉर्मरच लागत नव्हता. एक ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. मात्र नवी सोय नवी अडचण घेऊन येते. एकाने सोडले आणि दुसऱ्याने अजून धरले नाही, असा क्षण मधे राहिला तर बारीक आवाज खरखरतो. यावर उपाय म्हणजे दोघांनाही थोडासा प्रवाह सतत देऊन जागे ठेवणे. पण ट्रान्झिस्टर तापला की तो प्रवाह वाढतो, प्रवाहाने आणखी तापतो आणि अखेर जळतो. म्हणून उष्णता ओळखणारा भाग त्याच्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवतात. तापले की तो प्रवाह कमी करतो. पाहा, इथेही परत येणारी खबर आणि तिच्यावरून स्वतःला आवरणे!

आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोटाएवढ्या चकतीत सारा ध्वनिवर्धक मिळतो. वॉट स्वस्त झाले आहेत. आपल्या गावांत, देवळांच्या उत्सवांत, लग्नांत ते किती वाजतात हे आपण जाणताच. परंतु आपला कान निराळा हिशेब करतो. दहा वॉटचे वीस केले तर फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दसपट, म्हणजे शंभर वॉट लागतात. हा हिशेब ठाऊक नसल्याने माणूस बटण शेवटपर्यंत पिळतो. यंत्राची ताकद संपते, लहरींचे माथे कापले जातात आणि शब्द जातो, नुसता गोंगाट उरतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर २००० सालच्या नियमांनी बंधन आले, ते या गोंगाटामुळेच.

शिक्षक बंधूभगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या मुलांकडून बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहानसा ध्वनिवर्धक बांधून घ्या. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात चारशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो साठून राहतो. त्याला मुलांनी हात लावू नये. बॅटरीच्या यंत्रात मात्र भीती नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा नियम घालून द्या. जमिनीच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी जोडल्या तर गुणगुण किती घटते, फीडबॅक वाढवला तर आवाज किती उतरतो आणि किती स्वच्छ होतो, हे मुले स्वतः ऐकतील. मग एका मुलाला धडा वाचायला लावा आणि मैदानाच्या टोकाला उभ्या केलेल्या मुलांना तो लिहून घ्यायला सांगा. किती शब्द बरोबर उतरले ते मोजा. आपल्या ध्वनिवर्धकाची खरी परीक्षा तीच.