अळीने शिकवलेली धार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या अंगणातला फणस वाडीच्या रस्त्यावर आडवा झाला. वडिलांच्या हातचं झाड. वीज गेलेली, फोन बंद आणि शेजारच्या घरातली सून दिवस भरलेली. तिला तालुक्याला न्यायचं, तर आधी फणस हटायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगा पिकअपमधून चेन सॉ घेऊन आला. आमच्याकडे तिला नुसतं 'कटर' म्हणतात. फणसाचं पिवळं लाकूड भराभर उडू लागलं. निम्म्यावर आल्यावर मात्र यंत्र नुसतंच ओरडू लागलं, धूर आला आणि पोराने ते बंद केलं. मी वैतागलो. ''अरे, एवढंच तर राहिलंय, रेट की!''

''चाचा, खाली बघा. मघाशी ढलप्या पडत होत्या, आता पीठ पडतंय. धार गेली. बोथट चेन रेटली की उसळून तोंडावर येते.''

त्याने पेटीतून जाडसर पेनासारखं एक यंत्र काढलं, त्याच्या दोन वायरी गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी लावल्या आणि एकेक दात घासायला बसला. एकूण ३६ दात. १८ उजवे, १८ डावे. ती पंधरा मिनिटं मला पंधरा तासांसारखी वाटली. पण त्या पंधरा मिनिटांनीच मला या दातांच्या इतिहासाची ओढ लावली.

हा इतिहास जंगलात सुरू होत नाही. स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन नावाचे डॉक्टर होते. १७८५ च्या सुमारास त्यांच्या प्रसूतिशास्त्रावरच्या पुस्तकात दातेरी साखळीच्या करवतीचं चित्र आहे. दोन टोकांना दोन मुठी, हाताने ओढायची. बाळ अडलं की आईच्या ओटीपोटाच्या हाडांमधला सांधा कापून वाट करायची, हा तिचा उपयोग. ग्लासगोचे जेम्स जेफ्री यांनीही अशीच करवत सडलेली हाडं कापण्यासाठी सुचवली. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती. चेन सॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. नातं आहे ते साखळीपुरतं; झाडं पाडणारं यंत्र वेगळ्या घरात जन्मलं.

ते घर जर्मनीत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत केली, दुसऱ्याच वर्षी एमिल लेर्प यांनी पेट्रोलवरची. दोघांनी मिळून उचलायची ही धुडं होती. एकट्या माणसाला पेलेल अशी पेट्रोलची करवत श्टील यांनी १९५० मध्ये आणली. इंजिन असं सुधारत होतं, पण खरं दुखणं साखळीत होतं. तिचे दात जुन्या हातकरवतीसारखे, म्हणजे काही लाकूड ओरखडणारे, काही भुसा बाहेर काढणारे. ते लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावणं म्हणजे अर्धा दिवस कानस घेऊन बसणं.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. हाताला यंत्राची खोड. १९४६ च्या हिवाळ्याआधी जळण फोडताना त्याला एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. तर्जनीएवढी. ती लाकूड सरळ रेषेत खात नव्हती. इंग्रजी 'सी' अक्षरासारखे तिचे दोन जबडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चालत होते. रेषांच्या दिशेने असो वा आडवं, तिला दोन्ही सारखंच. कॉक्सने पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरात तेच जबडे पोलादात उतरवले : एक दात डावा, पुढचा उजवा. १९४७ च्या नोव्हेंबरात ती साखळी विक्रीला आली. आजच्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातल्या आहेत.

त्या दाताची एक खुबी मला फार आवडते. धारेच्या पुढे एक बुटका खुंट असतो. दाताने किती खोल चावायचं, ते हा खुंट ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असतो. त्यामुळे घासून घासून दात आखूड झाला की तो बुटकाही होतो. मग धार कितीही लावा, चावा बसतच नाही. खुंटही बेताने घासावा लागतो. फार घासला, तर दात अधाशी होऊन करवत झटके मारते. दातापेक्षा खुंट साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटरच खाली हवा.

कॉक्सच्या साखळीला गोल कानस पुरते. पण धार लावणारा हात सगळ्यांना कुठला? १९३२ मध्ये अल्बर्ट ड्रेमेल यांनी विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी कंपनी काढली आणि हातात मावणारी, प्रचंड वेगाने फिरणारी छोटी यंत्रं केली. त्यांच्या टोकाला चार-साडेपाच मिलिमीटर जाडीचा सहाणेचा दगड बसवला की झाली धारेची सोय. तीस अंशांचा कोन सांभाळायचा आणि दगड दातावर क्षणभरच टेकवायचा. जास्त टेकला, की पोलाद निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं. पुढे मी हे यंत्र विकत आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी माझे चार दात निळे झाले. म्हणजे साखळीचे.

आपल्याकडे हे काम शिकलगारांचं. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे झिलई. पूर्वी आरसे धातूचे असत. ते घासून लखलखीत करणाऱ्यावरून सूफींनी मनाच्या आरशाची किती रूपकं केली! त्यांच्या शायरीत सैकल आरशाला आणि आमच्या गल्लीत शिकलगार विळीला, असा हा शब्दाचा प्रवास.

एक मात्र टोचतं. कॉक्सने पाहिलेल्या जातीची अळी मेलेलं लाकूड खाते. यंत्राला तो भेद कळत नाही. कॉक्सच्याच मुलखातली शेकडो वर्षांची डग्लस फरची रानं या दातांनी इतकी उतरली, की त्या रानांतल्या ठिपकेवाल्या घुबडाला १९९० मध्ये अमेरिकेच्या कायद्याने संरक्षण द्यावं लागलं. आमचा फणस वाऱ्याने पाडलेला, म्हणून माझी त्या पोराविषयी तक्रार नाही.

छत्तिसावा दात झाल्यावर त्याने साखळी हाताने थोडी फिरवून पाहिली, इंजिन ओढलं, आणि बुंध्यातून पुन्हा ढलप्या उडू लागल्या. अकरा वाजता रस्ता मोकळा झाला. त्याच पिकअपमधून सून गेली. संध्याकाळी मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी ढलप्या गोळा करत होतो.