रकान्यातील रेघ

गेल्या वर्षी बल्लारपूरच्या एका कुटुंबाची वंशावळ आमच्यासमोर आली. आमच्या एका विद्यार्थिनीने जात पडताळणीच्या अर्जासाठी ती कागदावर काढली होती. खाली तिचे नाव, त्यावर वडिलांचे, त्यावर आजोबांचे; आणि त्याहून वर एक आडवी रेघ. आजोबांचे वडील कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबांची आई गोंड, वर्धेकाठच्या एका खेड्यातली, एवढेच सांगितले जाई. “या रेघेच्या जागी एखादे नाव घालू का?” असे तिने विचारले. तसा सल्ला तिला घरातूनच मिळाला होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

बल्लारपूर ही एकेकाळी गोंड राजांची राजधानी. वर्धेच्या काठावरील किल्ला खांडक्या बल्लाळशाहाने बांधला, अशी परंपरा आहे. या राजांची यादी मेजर ल्यूसी स्मिथ या बंदोबस्त अधिकाऱ्याने १८६९ च्या अहवालात नोंदवली. इ.स. ८७० ते १७५१ या काळात तीत अवघे एकोणीस राजे आहेत. साधा भागाकार केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४६ वर्षांची कारकीर्द येते. हे पटण्याजोगे नाही. मधल्या कित्येक रिकाम्या जागा परंपरेने बुजवून टाकल्या असणार. पुढे बीरशाहास पुत्र नव्हता, तेव्हा राणी हिराईने रामशाहास दत्तक घेतले आणि वंश चालू राहिला. उलट नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा डलहौसीने दत्तक मान्य केला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. वंश रक्ताइतकाच मान्यतेवरही चालतो, हे राजघराण्यांच्या बाबतीत आपण निमूटपणे स्वीकारतो. प्रश्न येतो तो सामान्य घराचा.

इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतातील गावोगावचे जन्म-मृत्यू कोतवालाच्या पुस्तकात नोंदले जाऊ लागले. आज पडताळणीसाठी शोधली जाते ती ‘कोतवाल बुक नक्कल’ हीच. या नोंदींत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, एवढाच मजकूर. म्हणजे मूल कागदावर येते तेच बापाच्या आधाराने. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात अनौरस मुलाच्या पोषणाचा भार गावावर पडू नये म्हणून आईकडून बापाचे नाव वदवून घेत. म्हणून तेथे तसे कागद सापडतात. आपल्या कोतवालाला त्या नावाची अशी निकड नव्हती.

आम्ही शोधाची दिशा बदलली. बापाऐवजी आजोळ शोधायचे ठरवले. आजोबांच्या आईच्या गावचे कोतवाल बुक तिच्या नावाने पाहिले. बापाच्या रकान्यात तिचेच नाव होते आणि पुढे ‘गोंड’. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पालक म्हणून मामाचे नाव मिळाले. तोच मामा १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात शेताचा धारक म्हणून भेटला. तीन कागद, तीन खाती. पण माणसे तीच.

बापाविषयी घरात एक कुजबुज होती. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला, आणि आजोबांचा जन्म त्याच सुमाराचा. लाइनीवर दूरदूरचे मजूर आले नि काम संपताच पांगले. तर्क शक्य आहे, पण पुरावा नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे तिच्या वडिलांच्या चाचणीतून पितृशाखेचे दूरचे नातलग कदाचित कळतील. पण त्यासाठी त्या अनोळखी घरातीलही कोणी चाचणी दिलेली असावी लागते. आम्ही तेथेच थांबलो.

खोटे नाव घालणे हा गुन्हा आहे, हे तिला सांगावेच लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्याचा आधार ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद, आणि तो आजोळकडून हाती आला होता. आदिवासी आई आणि बिगरआदिवासी वडील यांच्या अपत्याची जमात केवळ वडिलांवरून ठरत नाही, ते कोणत्या समाजात वाढले हेही पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, हे २०१५ मध्ये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर आपल्या राज्याने आईचे नाव अनिवार्य केले. मागल्या पिढ्यांच्या आया मात्र जुन्या कागदांतूनच शोधून काढाव्या लागतील.

येथे आमचीही एक कबुली. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. काळ्यांनी आईचे नाव बापाच्या जागी का लिहिले, यावर आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. तरीही ती रेघ समोर आली तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो ती कशी झाकता येईल हाच. मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हांला दोन दिवस लागले, ते त्यामुळे.

नव्या वंशावळीत तिने रेघ तशीच ठेवली आहे आणि तिच्या शेजारी आजोबांच्या आईचे नाव, गाव व कोतवाल बुकातील नोंदीची तारीख लिहिली आहे. अर्जाचा निकाल यायचा आहे. त्या मामाचा मुलगा अजून हयात आहे, नव्वदीला टेकलेला. आपल्या आत्याविषयी त्याला जे आठवते ते या उन्हाळ्यात लिहून घ्यायचे आहे. पुढल्या उन्हाळ्याचा भरवसा नाही.