तक्रार आणि कासव

मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं, उर्दूत हुज्जत. मूळ अरबी अर्थ मात्र पुन्हा पुन्हा म्हणणं, उजळणी. मदरशांत आजही रात्री तक्रार बसते. उस्तादांनी शिकवलेला सबक एक विद्यार्थी आपल्या शब्दांत सांगतो, बाकीचे त्याला अडवतात.

आमच्या मुंब्र्यात पालकांची तक्रार असते ती मराठी अर्थाची: शाळेत एका कॉम्प्युटरवर दोन मुलं बसवतात! मलाही ती गरिबीची खूण वाटायची. इतिहास वाचल्यावर मत बदललं.

१९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. ‘पुढे ५०, उजवीकडे ९०’ अशी आज्ञा द्यायची, कासव रेघ काढतं. यंत्राआधी मुलांनी स्वतःच कासव व्हायचं, ही यातली खरी गंमत. एकाने आज्ञा द्यायची, दुसऱ्याने वर्गात तसं चालायचं. भिंतीवर आपटला तर चूक आज्ञेत, चालणाऱ्यात नाही. चुकीची लाज न वाटता ती दोघांनी मिळून शोधायची, हे मला त्या भाषेपेक्षाही मोठं वाटतं.

‘एक मूल, एक लॅपटॉप’ ही योजना याच विचारातून निघाली. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तरी २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्या लोकलच्या टोकाला, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत पोचले. त्यातही कासव होतं. यंत्रं प्रत्येकाला स्वतंत्र, पण इंटरनेटशिवाय एकमेकांना जोडली जाणारी; एकाच्या लेखात दुसऱ्याला लिहिता यावं अशी. म्हणजे यंत्रं पुरेशी असतानाही एकत्र बसण्याची सोय मुद्दाम केलेली!

त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, पगारी प्रोग्रामरही जोडीने बसू लागले होते. एक टाइप करतो, दुसरा पाहतो, पुढचा विचार करतो, शंका काढतो. थोड्या वेळाने जागा बदलतात. ही तक्रारच की, अरबी अर्थाची.

मात्र जागा बदलली नाही तर सगळं फुकट. मदरशातही हुशार मुलगाच रोज बोलतो आणि बाकीचे माना डोलवतात, असं होतंच. माझी भाची सातवीत आहे. तिला जोडीदार मुलगा मिळालाय. प्रोग्राम कोण लिहितं, असं मी परवा विचारलं.

“माऊस त्याच्याकडेच असतो, मामू.”